लाल काजवा

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या वसईच्या घराची गच्ची रात्री दहा वाजले तरी निवत नाही. जेवणं आटोपली की मी चपला खाली काढून वर जातो आणि अनवाणी फिरत राहतो. मार्था, माझी बायको, जिन्यातून विचारते, "पाय भाजून घ्यायला गेलात का?" भाजत नाहीत. नुसते कोमट लागतात. दिवसभराचं ऊन अजून लादीच्या पोटात शिल्लक आहे एवढं तळव्यांना कळतं, आणि माझं काम तेवढ्यानेच होतं. दहा पावलांत मी वसईतून उठून मस्कतजवळच्या अल अमेरातच्या डोंगराखाली पोचलेला असतो. मग झोप येईपर्यंत तिथून सुटका नसते.

मस्कतला मी सतरा उन्हाळे काढले. त्यातले सोळा एकमेकांत वितळून गेले आहेत. कुठल्या वर्षी एसी बंद पडला, कुठल्या वर्षी मुलीला कांजिण्या आल्या, काही सांगता येणार नाही. एक मात्र वेगळा उभा आहे, दोन हजार चौदाचा. त्या उन्हाळ्यात मी एका माणसाला कुत्रा म्हणालो. शिवी म्हणून म्हणालो असतो तर माफी मागून मोकळा झालो असतो.

माझा धंदा उष्णतेचा. म्हणजे लोकांच्या कारखान्यांत, इमारतींत जायचं, विजेच्या पॅनलचं दार उघडायचं आणि थर्मल कॅमेऱ्यातून आत बघायचं. जिथे जोड ढिला आहे तिथे तार तापते, आणि तापलेलं त्या कॅमेऱ्यात पांढरंशुभ्र दिसतं. थंड असेल ते काळं. बारा वर्षं हेच काम केल्यावर डोळ्यांना वळण लागतं. पांढरं दिसलं की दोष, काळं दिसलं की पुढे चला. काळ्याकडे मी बघतच नसे, बघायची गरजच पडत नसे. दुसरी एक सवय म्हणजे आधी फोटो, मग तोंड. दोष दिसला की पहिल्यांदा बटण दाबून चित्र साठवायचं आणि मगच गिऱ्हाइकाला सांगायचं, नाहीतर तो म्हणतो दाखवा कुठे आहे. ही सवय इतकी मुरली होती की माझं बोट माझ्या आधी निर्णय घेई.

सालिम आमच्याच कंपनीत साईटवर सुपरवायझर होता. ओमानी, माझ्याच वयाचा, शाळेपासून हिंदी पिक्चर बघून हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलणारा. अल अमेरातच्या शेवटच्या घरांपलीकडे, वादीच्या काठावर, त्याच्या वडिलांची शेती होती. वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षातून एकदोनदा पाण्याने भरणारी आणि उरलेलं वर्ष नुसत्या गोट्यांची. काठावर खजुराची चाळीसेक झाडं, थोडा लसूणघास आणि बकऱ्या. शुक्रवारी कधी तो आम्हाला जेवायला बोलवी. मस्कतमध्ये हमरियाच्या दोन खोल्यांत कोंडलेल्या माझ्या मुलीला ती शेती म्हणजे स्वर्ग वाटायचा.

बकऱ्यांचा कारभार दाऊदचाचांकडे होता. गुहागरच्या बाजूचं खाडीकाठचं त्यांचं गाव. तरुणपणी आले आणि पंचवीस वर्षं त्या एका शेतावर राहिले. सालिमचं लग्न, त्याची मुलं, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. माणूस बारीक, बोलायला हौशी, आणि मराठी ऐकणारं कुणी आलं की हातातलं काम टाकून बसणारा. बकऱ्यांना त्यांनी सासुरवाडीची नावं ठेवली होती. एक सासू, दोन मावससासवा, आणि सगळ्यात हट्टी, वादीत चरायला गेली की हाकेला ओ न देणारी, ती मोठी मेहुणी, जुबेदा. "गावाला फोन केला की बायको इचारते, माझी बहीण कशी हाय? मी बोलतो, दूध कमी देते," असं ते सांगत आणि स्वतःच हसत.

तिकडे दुभत्या बकरीच्या कासेला कापडाची थैली बांधतात. पिल्लांनी दूध पिऊन संपवू नये म्हणून. पाठीवरून दोऱ्या घेऊन गाठ मारलेली ती रंगीत थैली झोके घेत चालते, बघायला मोठी गंमत वाटते. दाऊदचाचा त्या थैल्या स्वतः शिवायचे, जुन्या लुंगीच्या कापडाच्या. माझी मुलगी पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "पप्पा, गोटने पर्स घेतलीय." तिचं मराठी तेव्हा असंच होतं, शाळेतून येताना अर्धं वाटेत सांडलेलं.

आणि चाचांची झोपायची तऱ्हा. त्यांच्या खोलीला एसी होता, सालिमनेच बसवून दिला होता, पण त्याच्या वाऱ्याने यांचे सांधे धरायचे. म्हणून जून लागला की खाट बाहेर. दोन चादरी हौदात बुडवायच्या, पिळायच्या, एक अंथरायची आणि एक डोक्यावरून पांघरायची. मस्कतच्या जुन्या माणसांची हीच पद्धत, ते म्हणत. पहाटेपर्यंत चादर वाळते आणि तोवर गारव्यात झोप होते. दिवसासुद्धा उन्हात जाताना ओली चादर डोक्यावरून कमरेपर्यंत. त्यांना चादरीशिवाय बघितल्याचं मला फारसं आठवत नाही.

त्या वर्षी अल अमेरातमध्ये जिकडेतिकडे बांधकामं चालली होती. मजुरांच्या वस्त्या उठल्या की त्यांनी पाळलेली कुत्री मागे राहत. ती टोळीने फिरू लागली आणि बकऱ्या फाडू लागली. मे महिन्यात सालिमच्या तीन बकऱ्या गेल्या. तिसरी चाचांची मावससासू. त्या दिवशी मी गेलो तर त्यांनी तिची थैली धुऊन वाळत घातली होती.

सालिमच्या वडिलांकडे परवान्याची जुनी शॉटगन होती. अडचण वेगळीच होती. रात्री वादीत कुत्री एकटी नसतात. कोल्हा येतो, कधी हरणं उतरतात, मोकाट गाढवं असतात, शेजाऱ्याच्या बकऱ्या असतात. रानातल्या जनावराला हात लावायला कायद्याने बंदी. चुकून हरीण पडलं तर तुरुंग. म्हणून ओळख पटल्याशिवाय बार काढायचा नाही हे त्या घरात ठरलेलं होतं. सालिम मला म्हणाला, "फ्रान्सिस, तुम्हारा कॅमेरा अंधेरे में देखता है ना? तुम बस बोलो क्या है. बाकी मैं देखता हूँ."

मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू. बारा वर्षं ढिले स्क्रू बघणाऱ्या माणसाला कुणी रात्रीच्या शिकारीला बोलावलं होतं. गुरुवारी संध्याकाळी कंपनीचा कॅमेरा बॅगेत टाकून मी घरी आणला. कुणाला विचारलं नाही. मार्थाने विचारलं तर म्हटलं, चार्जिंगला आणलाय.

पहिली रात्र शाळेसारखी गेली. पंपाच्या खोलीच्या गच्चीवर आम्ही तिघं बसलो. मी, सालिम आणि त्याचे वडील, ज्यांना सगळे शेबा म्हणत, म्हणजे म्हातारबा. मुलीनेही हट्ट धरला म्हणून ती थोडा वेळ होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गोठ्यातल्या बकऱ्या बघून तिने विचारलं, "पप्पा, सगळ्या बकऱ्यांना फिवर आहे?" बकरीचं अंग माणसापेक्षा गरमच असतं, तिचं चुकलं नव्हतं. मी मास्तरकी करत तिला समजावलं. शिंगं दिसत नाहीत कारण ती जवळजवळ हवेइतकीच थंड असतात. लोंबते कान दिसतात, पण तोंड वळवलं की तेही जातात. मग बकरी आणि कुत्रा यात फरक राहतो तो चालण्याचा.

शेबांनी पडद्यात एकदा डोकावून बघितलं आणि काठी टेकून परत बसले. ते अरबीत काहीतरी बोलले. सालिमने सांगितलं, "अब्बा बोलते हैं, ये गर्मी दिखाता है, जानवर नहीं. जानवर तीन कदम चले तो अपना नाम खुद बताता है. तब तक उसको नाम मत दो." मी मान डोलावली. अडाणी म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून घेताना डोलावतो तशी.

त्या रात्री गाढव आलं, कोल्हा आला, दोन मांजरं आली. सगळ्यांची नावं मी बरोबर सांगितली आणि सालिमने विजेरी लावून खात्री केली. माझी छाती फुगली. पुढच्या गुरुवारी कुत्री आली. मी सांगितलं, सालिमने विजेरी लावली, आणि उजेड पडताच सगळी टोळी पसार. बंदूक उचलेपर्यंत समोर नुसते गोटे.

त्याच रात्री, आम्ही खाली उतरल्यावर, चाचा ओल्या चादरीत बसून बोलत होते. जूनचा मध्य असेल. खजुराचे घड पिवळे पडू लागले होते, दमट हवा तोंडावर बसत होती. ते म्हणाले, "आमच्याकडं आता झाडं पेटली असतील काजव्यांनी. आमच्या दारातली आंब्याची झाडं तर अशी, की आत कुणी बत्ती लावली म्हणावं." मी विचारलं, इथे काजवे नसतात का? "पंचवीस वर्सांत एक नाय बगितला. रजा मिळते ती थंडीत नायतर ईदला. काजव्यांच्या दिवसांत इथं खजुराचं काम. पंचवीस वर्सं काजवा बगितला नाय बगा, फ्रान्सिसभाई." त्यात गाऱ्हाणं नव्हतं. पावसाबद्दल बोलावं तसं बोलले.

तिसरा गुरुवार म्हणजे रमजान लागायच्या दोन-तीन दिवस आधीचा. रमजानमध्ये हे काम नको, त्याआधीच उरका, असं सालिमला वाटत होतं. महिना संपत आलेला, म्हणून चंद्रही नव्हता. शेबा लवकर झोपले. चाचांना सालिमने बजावलं होतं, "खाने के बाद बाहर नहीं आने का, चाचा. खलास, खाट पे." विजेरी लावली की कुत्री पळतात यावर त्याने उपाय काढला होता. माझ्या कॅमेऱ्याला एक लाल किरण आहे. पॅनलमधला नेमका कुठला स्क्रू हे मिस्त्रीला दाखवण्यासाठी बटण दाबलं की समोर लाल ठिपका पडतो. सालिम म्हणाला, तू ठिपका टाक, मी ठिपक्यावर मारतो. उजेड नको, काही नको.

मी नाही म्हणायला हवं होतं हे आज एखादं पोरही सांगेल. मला ती युक्ती हुशारीची वाटली.

वारा अजिबात नव्हता. पंपाच्या गच्चीचा कोबा इतका तापलेला की गोधडी घालून बसलो होतो. पडद्यावरचा आकडा मला अजून पाठ आहे. वादीतले गोटे एकोणचाळीस अंश. माणसाची कातडी पस्तीस. म्हणजे त्या रात्री दगड माणसापेक्षा गरम होते, आणि अशा वेळी पडद्यावर सगळं राखाडीवर राखाडी दिसतं. हिवाळ्यात जे जनावर दिव्यासारखं उठून दिसतं, ते जूनमध्ये दगडात मिसळतं. हे मला माहीत होतं. पोटापाण्याची विद्याच ती माझी. पण सालिमला हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. जाणकार म्हणून बोलावलेल्या माणसाने आज मला कळत नाही असं म्हणायचं, ते जमलं नाही.

साडेअकराच्या सुमारास बाभळींच्या अंधारातून काहीतरी निघालं. चाळीसेक पावलांवर. सालिम कुजबुजला, "दाऊद?" ही काळजी त्याने घेतली होती हे मी पोलिसांनाही सांगितलं. मी कॅमेरा खाटेकडे वळवला. खाटेवर काळा लांबट चौकोन होता. ओली चादर थंड, म्हणून काळी. प्रत्येक गुरुवारी चाचा त्या काळ्या चौकोनाखाली झोपलेले असत. "सोये हैं," मी म्हणालो. चौकोनाखाली माणूस आहे की नाही हे ओल्या चादरीतून कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि दिसत नाही हे मला ठाऊक होतं.

मी कॅमेरा परत वळवला. बुटकं जनावर, खाली मान घालून येणारं. शिंगं नाहीत. पाठीवर मोठा काळा डाग होता. काळ्याकडे मी बघत नाही.

"कल्ब?" सालिमने विचारलं. कुत्रा का?

बोटाने आपलं काम केलं, चित्र साठवलं. मग तोंड म्हणालं, "कल्ब."

मी लाल ठिपका टाकला. तो त्या आकारावर जाऊन बसला आणि जनावर थांबलं. तीन पावलं चाललं असतं तर कदाचित मला कळलं असतं. पण ते थांबलं, एका जागी उभं राहिलं, नेम धरायला पुरेल इतका वेळ. सालिमने बार काढला.

बकरी ओरडली. आणि मग कोकणी मराठीत माणूस ओरडला.

जुबेदा तिन्हीसांजेला गोठ्यात आली नव्हती. जेवण झाल्यावर चाचांनी बकऱ्या मोजल्या तेव्हा त्यांना कळलं. कुत्र्यांच्या दिवसांत तिला बाहेर ठेवायला त्यांचं मन धजेना, आणि सालिमला सांगितलं तर तो जाऊ देणार नाही. फोन खोलीत चार्जिंगला लावलेला. अंथरायची चादर खाटेवर ठेवून, पांघरायची डोक्यावरून घेऊन ते मागच्या बाजूने वादीत उतरले. जुबेदा सापडली. कमरेत वाकून, तिची मान काखेत धरून, तिला रेटत ते घरी आणत होते. डोक्यापासून कमरेपर्यंत ओली चादर होती. कॅमेऱ्याने फक्त बकरी दाखवली आणि चादरीखालचे दोन पाय.

बरेचसे छर्रे जुबेदाने घेतले. उरलेले चाचांच्या डाव्या गुडघ्यात गेले. सालिमने त्यांना दोन्ही हातांवर उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलकडे जाताना वादी अदैच्या खिंडीतून तो गाडी कशी हाकत होता ते मला आठवत नाही. मी मागे चाचांचा पाय मांडीवर धरून बसलो होतो आणि, सांगायला लाज वाटते, मधेच मनात येऊन गेलं की कॅमेरा गच्चीवरच राहिला. कंपनीचा कॅमेरा.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाल्यावर आम्हाला आत सोडलं. चाचा गुंगीत होते, पण डोळे उघडे होते. सालिम खाटेच्या पायथ्याशी उभा राहून रडत होता. चाचा त्याला नाही, मला म्हणाले, "फ्रान्सिसभाई, काजवा बगितला."

मला वाटलं बरळत आहेत.

"माझ्या गुडघ्यावर बसला. लाल होता. आपल्याकडं हिरवट असतो, हा लाल. मी म्हटलं, इकडचा असा असेल. हलायला नको, उडून जाईल. म्हणून उभा राहिलो."

सालिमला मराठी येत नव्हतं. त्याने मला विचारलं, क्या बोल रहे हैं? मी म्हणालो, पाणी मागतायत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांना पाणी पाजलं.

सकाळीच सालिम स्वतः पोलिसांकडे जाऊन आला होता. नंतर मला बोलावलं. अधिकारी सभ्य होता, त्याने चहा दिला. गोळी तुम्ही झाडली का? नाही. बंदूक तुमची का? नाही. मी सांगायला लागलो की कॅमेरा माझा होता, ठिपका माझा होता, कुत्रा हा शब्द माझा होता. दुभाष्याने काय सांगितलं देव जाणे. अधिकाऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, तुम्ही बघत होता, बघण्यात गुन्हा नाही. चाचांनी जबाबात लिहून दिलं की अर्बाबने, म्हणजे मालकाने, मना केली असताना मी बाहेर गेलो, चूक माझी. सालिमवर जे काही व्हायचं ते झालं, बंदूक गेली, त्याने कुठे हुज्जत घातली नाही. कंपनीत कॅमेऱ्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. शनिवारी शेतावरच्या गच्चीवरून आणला तो रविवारी जाग्यावर ठेवला. अपराध घेऊन मी दारोदार फिरलो आणि कुणीही तो उतरवून घेतला नाही.

शेबा एकदा भेटले, त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरला. तीन पावलांबद्दल ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चाचांचा गुडघा वाकेना. ताठ पायाने बकऱ्यांमागे जाता येत नाही. सालिम म्हणत होता, इथेच राहा, बसून राहा, घर तुमचं आहे. पण चाचा म्हणाले, बसायचंच तर गावाला बसेन. सप्टेंबरात ते गेले. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "तुमी काय मनाला लावून घेऊ नका. तुमी मला थोडंच बगितलं. तुमी गरमी बगितली." शेबांचेच शब्द, पण चाचांच्या तोंडी ते क्षमा होऊन आले होते. मला ती घेता येईना.

ते चित्र मी कॅमेऱ्यातून काढून स्वतःकडे ठेवलं. आधी संगणकात होतं, आता फोनमध्ये आहे. त्याची गंमत अशी की आता मी कितीही प्रयत्न केला तरी मला त्यात कुत्रा दिसत नाही. काळा डाग म्हणजे वाकलेली पाठ, ती किती स्वच्छ पाठ आहे. डोक्याचा गोल आहे. आणि पाय सहा आहेत. सहा पाय, मोजायला एक क्षण पुरला असता. माझ्या मुलीने मोजले असते. ती आता पुण्यात नोकरी करते. मध्ये एकदा तिला दाखवलं, काही न सांगता. म्हणाली, "कोण आहेत हे? बकरीला हग करतायत का?"

मस्कत सोडून आम्ही वसईला आलो त्याला आता काही वर्षं झाली. दर मे महिन्यात गच्ची तापते आणि दर मे महिन्यात मी ठरवतो की जाऊन चाचांना सांगायचं. काजवा नव्हता. तो मी होतो. आणि दर वर्षी मनात दुसरं येतं, की हे सांगणं कुणासाठी? पाय तर परत वाकणार नाही. त्यांच्याकडे त्या रात्रीतली एक चांगली गोष्ट उरलेली आहे, ती काढून घेऊन मी माझी झोप विकत घेणार. यावर उत्तर सापडत नाही तोवर उन्हाळा सरतो.

या वर्षी मार्थाच म्हणाली, "जा एकदा. गच्चीची लादी झिजेल." तिला सगळं माहीत आहे. मी चिपळूणपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने गेलो. चाचांचं घर खाडीच्या वर, जांभ्या दगडाचं, दारात खरोखरच दोन मोठे आंबे. ते पडवीत बाकावर बसले होते, डावा पाय सरळ पुढे ठेवलेला. केस पांढरे झालेत. मला बघून उठायला निघाले, मी धावत जाऊन बसवलं. हलीमाभाभी, त्यांच्या पत्नी, आतून आल्या, चहा टाकते म्हणाल्या आणि न टाकता तिथेच उभ्या राहिल्या.

इकडचं तिकडचं झालं. सालिम दर ईदला फोन करतो. शेबा गेले. मग मी फोन काढला. घरून ठरवून आलो होतो, चित्र दाखवायचं आणि चित्रावरून सांगायचं. नुसतं तोंडाने जमलं नसतं.

"चाचा, त्या रात्रीचा फोटो आहे माझ्याकडे."

त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला. मला वाटलं त्यांना काही उमगणार नाही, राखाडी चौकोनांची ती गिचमीड. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ही तर जुबेदा."

"कसं ओळखलंत?"

"थैली बगा की." पोटाखालच्या चार काळ्या चौकोनांवर त्यांनी नख ठेवलं. "थैली बांधलेली हाय. कुत्र्याला कोण थैली बांधतो?" ते मला टोमणा मारत नव्हते. पोरीचा जुना फोटो दिसावा तसे खूश होते. हलीमाभाभींकडे फोन वळवून म्हणाले, "तुझी बहीण बग." भाभींनी पदर तोंडाला लावला.

बारा वर्षं मी ते चित्र बघत होतो. पाठ सापडली, डोकं सापडलं, सहा पाय सापडले. ते चार चौकोन मला कधी दिसले नव्हते. काळे होते.

"आणि ही मधी फुली कसली?" त्यांनी विचारलं.

चित्राच्या बरोबर मध्यावर एक छोटी फुली असते. तिथेच ठिपका पडतो. ती त्यांच्या गुडघ्यावर होती. मी तोंड उघडलं. "ती यंत्राचीच असते, चाचा," मी म्हणालो. "प्रत्येक फोटोत असते." हे खरं होतं, आणि यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही असं तेव्हा वाटलं. त्याहून मोठं बोलायची वेळ आणखी दोन मिनिटांनी यायची होती.

कारण भाभी म्हणाल्या, "तुमी तिथं होतात ना? मग तुमीच सांगा. हे सगळ्या गावाला सांगत फिरतात, मस्कतला लाल काजवा असतो. पोरं यांना लाल काजवेवाले बोलतात. मशिदीतसुद्धा हसतात लोक. काजवा कधी लाल असतो का?"

चाचा माझ्याकडे बघत होते. हसत होते, पण बघणं हसण्यातलं नव्हतं. इतकी वर्षं ते साक्षीदाराची वाट बघत होते, आणि साक्षीदार आपल्या पायांनी चालत दारात आला होता. बाहेर अंधार पडत होता. पडवीच्या पायरीवर माझे अनवाणी पाय होते, दगड दिवसभराचा तापलेला. मला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. मी फोन खिशात ठेवला.

"असतो, भाभी," मी म्हणालो. "लालच असतो. मी पाहिलाय."

"ऐकलंस?" चाचा बायकोला म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, दोघांनीच काहीतरी बघितलेली माणसं बोलतात तसं, "पण फार वेळ नाय दिसत."

"नाही. थोडाच वेळ."

"हां," ते म्हणाले आणि गुडघ्यावरून हात फिरवला. "थोडाच वेळ होता."